स्लो स्पीडला गाडी का थरथरते : एका जुन्या इंजिनाचा तपास

आमची गाडी २००५ सालची आहे. एक लिटरचे, चार सिलिंडरचे, आठ व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन. डिस्ट्रिब्युटर आणि प्लग कॉर्ड (प्लगपर्यंत ठिणगीची वीज नेणाऱ्या वायरी) असलेली, पण मल्टिपॉइंट इंजेक्शनची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर असलेली रचना. आणि मीटरमध्ये आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा नाही, कारण त्या काळी स्वस्त मॉडेलला तो देत नसत. मधली आठ वर्षे तिला सीएनजी किट होते आणि ते काढून टाकल्यालाही आता चार वर्षे झाली. किटची गोष्ट मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण तपास करताना ती मला सर्वांत शेवटी आठवली आणि खरे तर सर्वांत आधी आठवायला हवी होती.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडी सिग्नलला उभी राहिली की स्लो स्पीडला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, थरथरू लागली. सिंहगड रस्त्यावरचे सिग्नल लांबलचक असल्यामुळे हा अनुभव निवांतपणे घेता येत असे. स्टिअरिंगला कंप येई, डॅशबोर्डवरचा गणपती टकटक करू लागे आणि आतला आरसा इतका हले की मागे उभ्या असलेल्या रिक्षाचा नंबर वाचता येत नसे. पहिला गिअर टाकून निघाले की सारे शांत होई, आणि चाळीस-पन्नासच्या वेगाला तर गाडीत काही दोष आहे असे कोणाला सांगूनही पटले नसते. सकाळी घरून निघतानाही काही जाणवत नसे. दहा-बारा किलोमीटर झाल्यानंतरच हा प्रकार सुरू होई. पत्नी एकदा म्हणाली, “ही सकाळी शहाण्यासारखी वागते आणि तापली की हिचं डोकं फिरतं.” जवळजवळ संपूर्ण निदान या एका वाक्यात होते, पण मी ते चेष्टा म्हणून सोडून दिले.

गॅरेजमध्ये नेल्यावर बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, दोन वेळा रेस देऊन मिनिटभरात निकाल मिळाला : “फाउंडेशन गेलंय.” इंजिन ज्या रबरी पायांवर बसवलेले असते त्या माउंटिंगना आमच्याकडे फाउंडेशन म्हणतात. हा निकाल चुकीचा होता असेही म्हणता येणार नाही. उजव्या बाजूच्या माउंटिंगच्या रबराला आरपार भेग पडलेली मी स्वतः पाहिली, आणि वीस वर्षांच्या रबराकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा करणेही योग्य नव्हे. तिन्ही माउंटिंग बदलली. गाडी घरी आणली, तर थरथर कमी होण्याऐवजी तिचा पोत बदलला होता : पूर्वीचा डुलणारा हादरा तसाच होता आणि त्यात एक बारीक, दात शिवशिवावेत अशी गुणगुण मिसळली होती. नवे रबर मूळ रबरापेक्षा कडक होते. शिवाय, माउंटिंगचे बोल्ट बसवताना ते आधी सैल ठेवून, इंजिन आपल्या वजनाने आपल्या जागी बसल्यानंतरच पक्के आवळायचे असतात. तसे केले नाही तर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकते आणि नवे असूनही काम करत नाही. बोल्ट सैल करून, इंजिन थोडे हलवून, चालू-बंद करून पुन्हा आवळल्यावर गुणगुण बरीच कमी झाली. मूळ हादरा मात्र होता तिथेच राहिला.

जुन्या गाडीच्या बाबतीत माझे मत येथे पक्के झाले. नव्या गाडीत एक दोष सापडला की बहुधा तोच त्रासाचे कारण असतो. वीस वर्षांच्या गाडीत मात्र जिथे हात घालावा तिथे काहीतरी झिजलेले सापडतेच. सापडलेला दोष खरा असतो, पण आपण ज्या त्रासाचे कारण शोधत आहोत त्याचा तो दोष असेलच असे नाही. म्हणून भाग बदलण्यापूर्वी हादऱ्याचे मोजमाप करायचे मी ठरवले, आणि त्यासाठी लागणारे उपकरण माझ्या खिशातच होते.

मोजमापामागचे गणित शाळेतल्या मुलालाही जमेल असे आहे. गरम इंजिन स्लो स्पीडला साधारण ८०० आरपीएमच्या आसपास फिरते, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, सेकंदाला सुमारे १३ फेऱ्या घेतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे चार सिलिंडर मिळून एका फेरीत दोन ठोके आणि सेकंदाला सुमारे २६ ठोके. हे ठोके अगदी निरोगी इंजिनातही असतात. ते गिळणे हेच माउंटिंगच्या रबराचे काम, आणि रबर कडक किंवा फाटके झाले की हीच बारीक, एकसारखी थरथर बॉडीत उतरते. पण चारांपैकी एक सिलिंडर कमी जोर लावू लागला, तर चार ठोक्यांतला एक लंगडा पडतो आणि तो लंगडेपणा दर दोन फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेसहा वेळा परत येतो. पहिली थरथर बोटांना जाणवते, दुसरी पाठीला. पहिलीत मोबाइल व्हायब्रेटवर असल्यासारखे वाटते, तर दुसरीत कोणीतरी सीटचा पाठचा भाग हलकेच, पण न थांबता ढकलत असल्यासारखे.

(तीन सिलिंडरच्या गाड्यांचे गणित वेगळे असते. मारुती ८००चे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे होते. तीन सिलिंडरमध्ये वर-खाली होणारी बले एकमेकांना तोलून धरतात, पण इंजिन दोन टोकांवर झोके घेऊ पाहते, आणि ८०० आरपीएमला ठोकेही सेकंदाला २०च पडतात. त्यामुळे स्लो स्पीडची थोडी थरथर तिच्या अंगचीच होती. ज्यांनी ती गाडी वर्षानुवर्षे चालवली त्यांना ती थरथर ओळखीच्या आवाजासारखी वाटे, आणि चार सिलिंडरच्या गाडीत बसल्यावर इंजिन बंद पडले की काय अशी शंका येई.)

जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी तयार केलेले फायफॉक्स नावाचे मोफत ॲप आहे. त्यात मोबाइलमधला त्वरणमापक वापरून कंपनांचा आलेख काढता येतो आणि कोणत्या वारंवारितेला किती जोर आहे हे पाहता येते. मोबाइल डॅशबोर्डवर दुहेरी टेपने चिकटवला, गाडी वीस मिनिटे फिरवून तापवली आणि मोकळ्या जागेत न्यूट्रलवर चालू ठेवली. आलेखात २६ हर्ट्झला (सेकंदाला २६ वेळा) एक सुळका होता, म्हणजे इंजिन ७८० आरपीएमवर चालले होते. आरपीएमचा काटा नसलेल्या गाडीत ही माहितीसुद्धा फुकटच मिळाली. पण त्याहून उंच सुळका साडेसहा हर्ट्झला होता. बॉनेट उघडण्यापूर्वीच एवढे ठरले की दोष इंजिनाला धरून ठेवणाऱ्या भागांत नसून इंजिनातच आहे, आणि तोही एखाद्याच सिलिंडरचा आहे.

एक पुरावा तर गाडीच्या कागदपत्रांतच पडून होता. पीयूसीच्या तपासणीत अशा जुन्या पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन हे दोन्ही स्लो स्पीडलाच मोजतात. आधीच्या पावतीवर हायड्रोकार्बनचा आकडा १५०च्या जवळपास होता आणि ताज्या पावतीवर तो ४८०पर्यंत गेला होता. गाडी “पास” झाल्यामुळे त्या आकड्याकडे मी पाहिलेच नव्हते. हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेले पेट्रोल. ते वाढले याचा अर्थ कोणता तरी सिलिंडर आपले जेवण पानात टाकून उठत होता.

कोणता सिलिंडर, हे शोधण्याची जुनी रीत म्हणजे इंजिन चालू असताना एकेक प्लग कॉर्ड उपसून पाहणे. ती रीत मी वापरली नाही आणि कोणी वापरू नये असे मला वाटते : हजारो व्होल्टचा झटका बसतो, मोकळ्या कॉर्डमुळे इग्निशन कॉइलवर ताण येतो आणि न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो बेसुमार तापतो. इंजेक्शनच्या गाडीत त्याऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढता येतो. तेवढ्या सिलिंडरचे पेट्रोलच बंद होते, त्यामुळे काही वाया जात नाही आणि हातालाही धोका नसतो. पहिल्या सिलिंडरचा कनेक्टर काढला तेव्हा इंजिन बंद पडता पडता वाचले. दुसऱ्याला तेच, चौथ्यालाही तेच. तिसऱ्याचा काढला तेव्हा इंजिन किंचित मंदावले आणि जवळजवळ पूर्वीसारखेच चालत राहिले. म्हणजे तिसरा सिलिंडर मेलेला नव्हता, पण धड काम करतही नव्हता.

येथून पुढे संशयित तीनच : ठिणगी, पेट्रोल किंवा दाब. ठिणगीसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे प्लग व कॉर्ड एकमेकांत बदलून पाहिले. दोष त्यांच्याबरोबर दुसऱ्याकडे गेला असता तर काम दोनशे रुपयांत संपले असते. दोष तिसऱ्यातच राहिला. इंजेक्टरची अदलाबदल करायला फ्युएल रेल (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) उचलावी लागते, त्यात एक रविवार गेला, आणि तरीही दोष तिसऱ्यातच राहिला.

या रविवारी एक खोटा चोर मात्र चांगलाच रंगेहाथ सापडला. क्रँककेसमधून (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या भागातून) इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बाजूकडे, जाणारी रबरी नळी वाकते त्या ठिकाणी तडकलेली होती. स्लो स्पीडला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असल्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम सर्वाधिक असतो, आणि म्हणूनच अशी गळती त्याच वेळी सर्वाधिक त्रास देते. शोधण्यासाठी लोक कार्ब क्लीनरचा फवारा मारतात; तापलेल्या एक्झॉस्टच्या शेजारी ज्वलनशील पदार्थ फवारण्यापेक्षा मी साबणाचे पाणी वापरले, आणि तडकलेल्या जागी फुगे येण्याऐवजी पाणी आत ओढले जाताना स्पष्ट दिसले. नळी बदलली, त्याच बैठकीत थ्रॉटल बॉडीवरचा काळा थरही पुसून काढला. गाडीचा स्लो स्पीड अधिक स्थिर झाला, आणि दोन दिवस माझी अशी समजूत झाली की काम फत्ते. तिसऱ्या दिवशी मोबाइल पुन्हा डॅशबोर्डवर चिकटवला, तर साडेसहा हर्ट्झचा सुळका जागचा हललेला नव्हता. नळीची गळती चारही सिलिंडरना सारखीच भोवते. एकट्या तिसऱ्याला ती उपाशी ठेवू शकत नाही, हे आधीच लक्षात यायला हवे होते.

याच सुमारास सोसायटीतल्या एका गृहस्थांनी सारे खापर इथेनॉलवर फोडले. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना आणि सीलना ते मानवत नाही, आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत त्यामुळे मिश्रण पातळ होते, हे सगळे खरे आहे. पण ऑक्सिजन सेन्सर असलेली इंजेक्शनची गाडी धूर हुंगून पेट्रोलचे प्रमाण बऱ्याच अंशी सावरून घेते, आणि मुख्य म्हणजे इथेनॉल चारही सिलिंडरमध्ये सारखेच जाते. कारण सामाईक असेल तर परिणामही सामाईक हवा, ही कसोटी मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत उपयोगी वाटली.

दाब मोजण्यासाठी नाना पेठेतून साधा कॉम्प्रेशन गेज आणला. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, इग्निशन तोडलेले, बॅटरी पूर्ण चार्ज आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, अशा स्थितीत सेल्फ पाच-सहा ठोके मारायचा. ॲक्सिलरेटर दाबला नाही तर हवाच आत जात नाही आणि सगळेच आकडे खोटे येतात. चार आकडे आले : १७६, १७२, ११८, १७४ पीएसआय. सिलिंडरांमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. तिसऱ्याची तूट तिसाच्या वर होती. मग त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तेल ती फट तात्पुरती बुजवते आणि आकडा चांगलाच वर चढतो. माझा आकडा ११८ वरून १२२ वर गेला आणि तिथेच थांबला. म्हणजे हवा रिंगांच्या बाजूने नव्हे, तर व्हॉल्व्हमधून, नीट बंद न होणाऱ्या झडपेतून, जात होती.

हे आकडे घेऊन मी एका निवृत्त फिटरकडे गेलो. आयुष्यभर एसटीच्या आणि नंतर रिक्षांच्या इंजिनांत हात घातलेला माणूस. आळीतले सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही. “गॅसवर होती का कधी?” एवढेच विचारले. मी हो म्हटल्यावर म्हणाले, “टॅपेटचा आवाज येतो का?”

मी मोठ्या अभिमानाने सांगितले की अजिबात येत नाही, वीस वर्षांच्या मानाने इंजिन फारच शांत आहे.

“तेच तर वाईट आहे साहेब. वाजणारं टॅपेट कुणाला मारत नाही, मुकं टॅपेट व्हॉल्व्ह खातं.”

त्यामागचे कारण असे. सीएनजी हे कोरडे इंधन आहे. पेट्रोलच्या ज्वलनातून व्हॉल्व्ह आणि तो ज्या कडेवर टेकून बंद होतो ती त्याची सीट यांच्यामध्ये जो सूक्ष्म थर राहतो, तो सीएनजीवर नीट तयार होत नाही. धातू धातूवर आपटत राहतो आणि सीट हळूहळू झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) तेवढा वर सरकतो आणि त्याच्या दांड्याचे टोक त्याला दाबून उघडणाऱ्या रॉकरच्या जवळ येते. टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि दांडा यांच्यातले अंतर, वयाबरोबर वाढते अशी आपली समजूत असते. येथे ती उलट कमी होत जाते. इंजिन थंड असताना थोडी फट उरलेली असते, त्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो. इंजिन तापले की एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, उरलीसुरली फट संपते आणि व्हॉल्व्ह सीटवर टेकतच नाही. सकाळी शहाणी आणि तापली की डोके फिरलेली, याचा उलगडा असा झाला. वेग वाढला की थरथर का थांबे याचेही उत्तर येथेच आहे : स्लो स्पीडला प्रत्येक दाबाला वेळ अधिक मिळतो, त्यामुळे बारीक फटीतूनही बरीच हवा निसटते; इंजिन जलद फिरू लागले की निसटायला तेवढा अवधीच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना, मामांनी टॅपेट कव्हर उघडले. अशा इंजिनात इनटेकला मिलिमीटरच्या १५ ते २० शतांश आणि एक्झॉस्टला २५ ते ३० शतांश अशा आसपासची फट असते. नेमके आकडे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात. फीलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ पात्यांच्या जुडग्याचे) ०.२५चे पाते पहिल्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला घासत गेले. दुसऱ्याला ते गेले नाही, ०.१८चे गेले. चौथ्याला ०.१५चे गेले. तिसऱ्याला ०.१०चे पाते लावले, ते शिरेना. मामांनी गेजमधले सर्वांत पातळ, ०.०५चे, कागदासारखे वाकणारे पाते काढले आणि माझ्या हातात दिले. मी ते रॉकरच्या टोकाशी टेकवले. ते दुमडले, पण आत गेले नाही. एवढ्या महिन्यांचा हादरा त्या न शिरलेल्या पात्याएवढा होता.

समायोजनाचे काम पाऊण तासाचे. लॉकनट सैल करायचा, स्क्रू उलटा फिरवायचा, पाते किंचित अडखळत सरकेल इतकी फट ठेवायची आणि स्क्रू जागचा न हलू देता नट आवळायचा. शेवटची क्रिया ऐकायला सोपी वाटते, पण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, त्यामुळे आवळून झाल्यावर पुन्हा पाते घालून पाहावे लागते. मामांनी प्रत्येक टॅपेट तीनदा तपासले. कव्हरचे गॅस्केट नवे लावले आणि गाडी चालू केली, तेव्हा वीस वर्षांत पहिल्यांदा टॅपेटची हलकी टिकटिक ऐकू आली. मामांनी मान डोलावली.

आठवडाभर, सुमारे दोनशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा दाब मोजला : तिसरा सिलिंडर ११८ वरून १५८ वर आला होता. बाकीचे होते तिथेच होते. १७०च्या पुढे तो जाणार नाही, कारण इतके महिने अर्धवट उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हच्या कडेवरून तापलेला वायू वाहत होता आणि ती कड थोडी जळलेली असणार. पूर्ण बरे करायचे तर हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलावा लागेल, सीट घासून घ्यावी लागेल, आणि हेड उतरलेच आहे तर टायमिंग बेल्टही बदलावा लागेल. हा खर्च गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहावा असा आहे. मामांचे म्हणणे असे की दर दहा हजार किलोमीटरला फट तपासली तर हे इंजिन असेच दोन-तीन वर्षे सहज काढील. मी सध्या त्यांच्या बाजूने आहे.

मोबाइलच्या आलेखात साडेसहा हर्ट्झचा सुळका अजून दिसतो, पण पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. एसीचा कॉम्प्रेसर लागला की तो थोडा डोके वर काढतो. परवा सिग्नलला मागच्या रिक्षाचा नंबर आरशात वाचता आला. शेवटचा आकडा ३ होता की ८, हे मात्र एसी बंद केल्यावरच कळले.